स्क्रीन मध्येच काळा पडतोय? ग्राफिक्स कार्डाची पट्टी बघा

पावसाळा लागला की मालवणातल्या आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा ग्राफिक्स ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम) सारखा बंद पडायचा. ड्रायव्हर तीनदा नव्याने टाकला, फरक शून्य. कार्ड काढलं तर खाचेत (स्लॉटमध्ये) बसणाऱ्या त्याच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर! खारी, दमट हवा.

१. स्क्रीन गोठला की विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडं काम बहुधा वाचतं.

२. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा.

३. नाहीतर कॉम्प्युटर बंद करून वायर काढा. कार्डाला जोडलेल्या केबल आणि स्क्रू सोडवा, स्लॉटची खिट्टी दाबून कार्ड सरळ ओढा. पट्टी मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, चुरा ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पूर्ण वाळल्यावर खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत परत बसवा आणि केबल विसरू नका.

पॉलिशपेपर मात्र चुकूनही लावू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, एकदा गेला की गेला.