अमेरिकेचं राजकारण शिकताय? मग एक मतदान नीट बघा

टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात इंजिनिअरिंगला आलात तरी पदवीसाठी गव्हर्नमेंट या विषयाचे 6 क्रेडिट चुकत नाहीत. राज्याचा कायदाच आहे. बहुतेक मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री शब्दांची यादी घोकतात आणि आठवड्याभरात विसरतात. मला उपयोग झाला तो एका मतदानाचा व्हिडिओ पुन्हापुन्हा बघण्याचा.

28 जुलै 2017, रात्रीचा दीड. सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, ओबामाकेअरचे (ओबामांच्या काळातल्या आरोग्य विमा कायद्याचे) काही भाग रद्द करण्यावर मतदान. 100 पैकी 52 सदस्य रिपब्लिकन. एरवी एवढ्यावर भागत नाही. विरोधक चर्चा संपूच देत नाहीत, तो फिलिबस्टर. ती थांबवायची तर 60 मतं लागतात, ते क्लोचर. इथे मात्र बजेटची वाट धरली होती, रिकन्सिलिएशनची. तिथे साधं बहुमत पुरतं. 50-50 झालंच तर निर्णायक मत द्यायला उपाध्यक्ष माइक पेन्स हजर. थोडक्यात, पक्षाला दोनच माणसं फुटलेली परवडणार होती. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सदस्य विरोधात गेल्या. मग त्याच पक्षाचे जॉन मॅकेन पुढे आले, हात लांब केला आणि अंगठा खाली. 49 विरुद्ध 51. खेळ खलास.

यावर आपल्या माणसाचा पहिला प्रश्न: मग त्यांची खासदारकी गेली का? छे! व्हिप तिथेही असतो, पण तो मतं मोजतो, मनधरणी करतो, फार तर नाराजी दाखवतो. आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदाच तिथे नाही. (2022 नंतरच्या महाराष्ट्रातून आलेल्याला हे पचायला वेळ लागतो.) आणि सरकार? तेही पडत नाही. विधेयक आपटलं तरी अध्यक्षांची 4 वर्षं शाबूत. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा अभ्यासक्रम सोपा होतो.

इलेक्टोरल कॉलेजसाठी (अध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर नाही, राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर ठरतो; जिंकायला 270 लागतात) 2000 आणि 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीचे राज्यवार निकाल घेऊन बसा. देशभरात जास्त मतं मिळालेला उमेदवार 270 पर्यंत का पोहोचला नाही, ते बेरीज करतानाच कळतं.

जेरीमँडरिंगची (सोयीसाठी मतदारसंघाच्या सीमा वाकड्यातिकड्या आखण्याची) व्याख्या मात्र सोडाच, नकाशा बघा. नॉर्थ कॅरोलायनाचा 1992 चा 12 वा मतदारसंघ हायवेच्या कडेकडेने गांडुळासारखा पसरलेला आहे. त्यावरचा शॉ विरुद्ध रेनो हा 1993 चा खटला पुढे घटनेच्या कोर्समध्ये पुन्हा भेटतो, तेव्हा त्याच्या नोट्स टाकून देऊ नका.