लिंकच्या वर्गात पैशांचे धडे: कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी

कॅनडात पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) घेऊन आलात की इंग्रजीचा सरकारी वर्ग फुकट मिळतो. त्याला सगळे ‘लिंक’ (LINC, नवागतांसाठीचा भाषावर्ग) म्हणतात. १९९२ पासून चालू आहे. स्टडी किंवा वर्क परमिटवाल्यांना तो मिळत नाही आणि नागरिकत्व घेतल्यावरही नाही, तेव्हा पीआर असतानाच नाव घाला. आधी चाचणी होऊन सीएलबीची (कॅनडातल्या भाषेच्या मोजपट्टीची) पातळी ठरते, मग वर्ग. ‘आमचं इंग्रजी चांगलं आहे’ म्हणत बरीच मराठी मंडळी तिकडे फिरकत नाहीत. निदान पीआरवर आलेल्या जोडीदाराला किंवा आईवडिलांना तरी पाठवा. व्याकरण यूट्यूबवरही मिळेल. बँक आणि घरखर्चाचे धडे मात्र वर्गातच नीट होतात.

सुरुवात आकडे ऐकण्यापासून करा. काउंटरवर ‘ट्वेल्व्ह फिफ्टी’ म्हणजे साडेबारा डॉलर, आणि ‘थर्टीन’ व ‘थर्टी’ यांत फोनवर हमखास घोळ होतो. शिक्षकांना रोज दहा रकमा वाचायला सांगा, तुम्ही लिहून घ्या. मग दुकानाची पावती घ्या. छापील किमतीत कर धरलेला नसतो: ऑन्टॅरिओत वर १३ टक्के, अल्बर्टात ५, तांदूळ, दूध, भाजी यांवर काही नाही. रोख दिलेत तर एकूण रक्कम ५ सेंटच्या पटीत होते, म्हणजे १०.०२ चे १०.०० आणि १०.०३ चे १०.०५. कार्डावर पैसा न् पैसा तसाच. भाजीच्या पाटीवर पाउंडाचा भाव ठळक आणि किलोचा बारीक असतो, १.९९ पाहून हुरळू नका, किलोला ते ४.३९ पडतं.

चेक प्रत्यक्ष लिहून पाहा. तारखेच्या चौकटीखाली वर्ष, महिना, दिवस यांचा क्रम छापलेला असतो. आपल्या सवयीने दिवस आधी लिहिला की गडबड. अक्षरी रकमेत सेंट १०० च्या अपूर्णांकात लिहायचे आणि उरलेल्या जागेत रेघ मारायची. पगार थेट खात्यात हवा असेल तर मालक ‘व्हॉइड चेक’ (VOID लिहून रद्द केलेला कोरा चेक) मागतो. त्यावरून त्याला पाच आकडी ट्रान्झिट नंबर (म्हणजे शाखेचा), तीन आकडी बँकेचा नंबर आणि खाते क्रमांक मिळतो.

खरा वेळ द्यावा तो पगाराच्या स्लिपवर. बऱ्याच ठिकाणी पगार दर दोन आठवड्यांनी होतो, म्हणजे वर्षाला २६ वेळा, आणि घरभाडं मात्र १२ वेळा. त्यामुळे महिन्याचं बजेट दोनच पगारांवर बसवा. वर्षातल्या दोन महिन्यांत जो तिसरा पगार येतो तो बाजूला पडू द्या. तासाला २० डॉलरने ८० तासांचे १६०० होतात, पण हातात तेवढे येत नाहीत. सीपीपीचेच (सरकारी पेन्शनचे) सुमारे ८७ जातात (वर्षाचे पहिले ३५०० सोडून ५.९५ टक्के), शिवाय ईआय (बेरोजगारी विमा) आणि आयकर. ठरलेल्या ‘ग्रॉस’वर, म्हणजे कपातीआधीच्या पगारावर, भाडं ठरवणं ही इथली नेहमीची चूक. वर्गात स्वतःची स्लिप न्यायला हरकत नाही, फक्त सिन नंबर (नोकरी आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) काळ्या पेनाने झाका.

क्रेडिट कार्डाचा धडा कंटाळवाणा वाटला तरी बुडवू नका. समजा बाकी १००० आहे, व्याज २० टक्के आणि किमान हप्ता ‘व्याज अधिक १० डॉलर’. दरमहा मुद्दल १० नेच घटतं, म्हणजे फिटायला १०० महिने! शिक्षकांकडून हे फळ्यावर मांडून घ्या. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून लागतं, बिलापर्यंतची सवलत नाही. क्रेडिट स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात आणि भारतातला सिबिल इथे सहसा धरत नाहीत.

फोनवरच्या फसवणुकीचाही सराव मागा, दोघांनी भूमिका घेऊन. सीआरए (इथलं कर खातं) कधीही गिफ्ट कार्डाने पैसे मागत नाही, मागणारा चोरच. ‘आय विल कॉल बॅक’ म्हणून फोन ठेवायचा आणि नंबर सीआरएच्या साइटवरून स्वतः शोधायचा.

भारतातल्या पैशांचं मात्र वर्गात कोणी सांगणार नाही. पुण्यातल्या एफडीचं व्याज आणि ठाण्यातल्या फ्लॅटचं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, आणि तिकडचं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं. रिटर्नची मुदत ३० एप्रिल. कमाई शून्य असली तरी भरा, कारण मुलांचा भत्ता पुढे चालू राहणं त्यावरच अवलंबून असतं.