टीटी घेतलं म्हणजे लेप्टोपासून सुटलो असं नाही, पावसाळ्यात या चुका टाळा

मुंबईत पाणी तुंबलं की कुणीतरी म्हणतंच, मी इंजेक्शन घेऊन आलोय, आता लेप्टोचं टेन्शन नाही. अहो ते टीटीचं इंजेक्शन, धनुर्वातासाठी, लेप्टोशी त्याचा काडीचाही संबंध नाही! लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या जंतूमुळे होणारा आजार. माणसांसाठी लेप्टोची लस आपल्याकडे मिळतच नाही. क्युबात आहे, फ्रान्समध्ये गटारात काम करणाऱ्यांना देतात, पण या जंतूचे अडीचशेच्या वर प्रकार आहेत आणि लस ज्या प्रकाराची त्याच्यावरच मुख्यतः चालते, म्हणून तिकडची लस मागवून इथे उपयोग होईलच असं नाही.

दुसरी चूक कुत्रेवाल्यांची. कुत्र्याला दरवर्षी लेप्टोची लस देता ते चांगलंच, चालू ठेवा, पण त्याने संरक्षण कुत्र्याला मिळतं, तुम्हाला नाही, आणि रस्त्यावरच्या पाण्यात उंदरांचं, गुराढोरांचं मूत्र मिसळलेलं असतंच की.

मग करायचं काय, तर साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, विशेषतः पायाला जखम, भेगा असतील तर. लेप्टो होऊ नये म्हणून ते डॉक्सिसायक्लीन ही अँटिबायोटिक गोळी देतात, मोठ्या माणसाला २०० मिलीग्रॅम, एकदाच की तीन दिवस की आठवड्याला एक असं सहा आठवडे, हे पाण्यात किती वेळ होता, जखम होती का यावर ठरतं, म्हणून शेजाऱ्याचा डोस बघून आपला ठरवू नका. गरोदर बाई किंवा आठ वर्षांखालचं मूल असेल तर ही गोळी नको, आधी सांगा म्हणजे वेगळं औषध देतील. गोळी घेतल्यावर मळमळतं म्हणून लोक सोडून देतात, त्यापेक्षा जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवं होऊ नका, दुधाबरोबर किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाबरोबर तर नकोच.

आणि गोळी घेतली तरी ताप येऊ शकतो! पाण्यातून गेल्यावर महिनाभरात कधीही ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं झालं तर व्हायरल असेल म्हणून घरी बसू नका, अंगदुखीवर मनाने ब्रुफेन खाऊ नका, किडनीवर आधीच ताण असतो. पहिल्या आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, तो बघून निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा की मी अमुक दिवशी पाण्यातून चाललो होतो, मग ते रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करू शकतात. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली तर थेट हॉस्पिटल.