‘क्वाइट गुड’ ही शाबासकी नव्हे : या चुका टाळा

निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपच्या वाटेला लागली की पॅकहाउसच्या ऑफिसात इंग्रजी मेलचा रतीब सुरू होतो. ब्रिक्स (गोडीचं माप), मण्यांचा आकार, कंटेनरचं तापमान इथवर सगळं सुरळीत असतं. घोळ होतो तो ‘क्वाइट’पाशी.

लंडनच्या खरेदीदाराने ‘द ग्रेप्स वेअर क्वाइट गुड’ असं लिहिलं की आपल्याकडे पेढे आणायची तयारी होते. जरा थांबा. ब्रिटिश माणूस यातून अनेकदा ‘ठीक होती, बरी होती’ एवढंच सांगत असतो. अमेरिकन माणसाने लिहिलं तर मात्र तीच द्राक्षं बहुधा ‘चांगलीच’ असतात. त्यामुळे मेल कुठून आलाय ते आधी बघा. ब्रिटिश खरेदीदार फोनवर असेल तर आवाजावरून कळतं. त्याने ‘क्वाइट’वर जोर दिला तर माल बेताचा, ‘गुड’वर दिला तर आवडलेला.

‘यू आर क्वाइट राइट’ मध्ये मात्र बेताचं काही नाही. राइट, इम्पॉसिबल अशा, ज्यांत सहसा कमी-जास्त नसतं, त्या शब्दांआधी ‘क्वाइट’ म्हणजे ‘अगदी, पूर्णपणे’. आपल्याकडे ‘बरा’ला ‘च’ लागला की वजन वाढतं. इथे पुढचा शब्द बघून वजन ठरवायचं.

सगळ्यात महाग पडते ती पुढची चूक. ‘क्वाइट अ फ्यू बॉक्सेस हॅड क्रॅक्ड बेरीज’ या वाक्यात ‘फ्यू’ दिसतं आणि चार-दोन पेट्यांत मणी तडकले असतील असं समजून मेल बाजूला पडतो. प्रत्यक्षात ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे बऱ्याच. असा मेल आला की नुकसानभरपाईचा क्लेम येणार हे धरून चाला आणि लगेच फोटो मागवा.

‘नॉट क्वाइट रेडी’ म्हणजे ‘अजिबात तयार नाही’ असंही नव्हे. तयारी होत आलीय, थोडं बाकी आहे.

लिहिताना ‘क्वाइट बेटर’ टाळा. आजारातून पूर्ण बरं झालेल्या माणसाबद्दल ते चालतं, मालाबद्दल ‘मच बेटर’ लिहा. ‘अ क्वाइट गुड क्रॉप’पेक्षा ‘क्वाइट अ गुड क्रॉप’ कानाला बरं वाटतं.

आणि स्पेलिंग! शेवटी टी-ई आलं तर हा शब्द. ई-टी आलं तर तो ‘क्वायट’, म्हणजे शांत. दोन्ही शब्द इंग्रजीत खरेच असल्याने साधा स्पेलचेक गप्प बसतो आणि ‘अवर ग्रेप्स आर क्वायट स्वीट’ असा मेल थेट रॉटरडॅमला पोचतो.