पॅकेज तयार करताना कंपायलरची ऑप्टिमायझेशन पातळी कशी ठरवावी

सी किंवा सी++ मधले पॅकेज तयार करताना, कंपायलरने कोड किती ऑप्टिमाइझ करायचा हे सांगणारा ‘-ओ’ हा पर्याय ‘-ओ२’ ठेवावा. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांची डीफॉल्ट पातळीही हीच आहे. ‘-ओ३ लावा, वेग वाढेल’ हा सल्ला मोजमाप न दाखवता कोणी दिला, तर खुशाल दुर्लक्ष करावे. त्याने बायनरी (तयार झालेली प्रोग्रॅमची फाइल) बहुधा फुगते, आणि २०२२ मधील जीसीसी १२ या कंपायलरपासून लूपचे व्हेक्टरायझेशन (एकाच सूचनेत अनेक मूल्यांवर काम) मर्यादित प्रमाणात ‘-ओ२’ वरही होते.

खरी मेख पुढेच आहे, कारण ठरवलेली पातळी कंपायलरपर्यंत पोहोचतेच असे नाही. एकाच आज्ञेत दोन पातळ्या आल्या, तर शेवटची लागू होते. प्रकल्पाच्या मूळ मेकफाइलमध्ये (‘मेक’ या बिल्ड साधनाच्या नियमांच्या फाइलीत) कंपायलरचे पर्याय ठेवणाऱ्या चलासाठी ‘सीफ्लॅग्ज = -ओ३’ असे लिहिलेले असेल, तर एन्व्हायर्नमेंटमधून (शेलच्या चलांतून) दिलेले मूल्य मुकाट्याने बाजूला पडते. तेच मूल्य मेकच्या कमांड लाइनवर दिले की ते टिकते, पण मेकफाइलने ‘+=’ ने त्याच चलात जोडलेले हेडरचे मार्ग गळून पडतात आणि बिल्ड भलत्याच ठिकाणी अडतो. अशा वेळी कमांड लाइनशी झुंजत बसू नये; ‘=’ च्या जागी ‘?=’ (आधी मूल्य नसेल तरच हे द्या) करणारा एका ओळीचा पॅच लावावा.

मेकफाइल आपोआप तयार करणाऱ्या सीमेकची गोष्ट आणखी फसवी आहे. बिल्डचा प्रकार ‘रिलीज’ ठेवला, की आपल्या ‘-ओ२’ च्या मागून ‘-ओ३’ येऊन बसते. डेबियनचे पॅकेज बांधणारे साधन डेबहेल्पर हा प्रकार ‘नन’ ठेवते. मात्र त्यामुळे ‘रिलीज’ सोबत येणारी ‘एनडीबग’ ही व्याख्याही जाते आणि असर्ट (कोडमधल्या स्वतपासण्या) चालू राहतात, हे ध्यानात असू द्यावे.

म्हणून मेकला ‘व्ही=१’ किंवा सीमेकच्या बिल्डला ‘व्हर्बोज=१’ देऊन पूर्ण लॉग काढावा आणि प्रत्येक आज्ञेतील शेवटचे ‘-ओ’ डोळ्यांनी पाहावे. पर्याय न दाखवणाऱ्या नुसत्या ‘सीसी मेन.ओ’ छापाच्या ओळींवर मी तरी कधीच विसंबत नाही.

बिल्ड करणाऱ्या यंत्राच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारे ‘-मार्च=नेटिव्ह’ वितरणाच्या पॅकेजमध्ये कधीही नको; जुन्या प्रोसेसरवर प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळतो. ‘-ओफास्ट’ फ्लोटिंग-पॉइंट (अपूर्णांकांच्या) गणिताचे नियम सैल करते, तेही नको. ‘-ओ०’ वर (म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना) बफर ओव्हरफ्लो पकडणाऱ्या ‘फोर्टिफाय सोर्स’ चे संरक्षण मिळत नाही.

‘-ओ२’ वर प्रोग्रॅम कोसळला, तर दोष बहुतेकदा कोडमधल्या अपरिभाषित वर्तनाचा (भाषेच्या नियमांनी ज्याचा परिणाम ठरवलेला नाही अशा कोडचा) असतो. सगळे पॅकेज खालच्या पातळीवर आणण्याऐवजी आधी संशयित फाइलीपुरते ‘-एफनो-स्ट्रिक्ट-अलायसिंग’ (वेगवेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत हे कंपायलरचे गृहीतक बंद करणारा पर्याय) लावून पाहावे, आणि ते का लावले याची टीप बिल्डच्या नियमांतच लिहावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ते काढता येईल का, हे तपासता येते.