छातीच्या एक्स-रेवरून टीबी ओळखणारं मॉडेल: आधी विभागणी, मग ट्रेनिंग

ऐरोली-कोपरखैरण्याकडच्या कॉलेजात फायनल इयरला हा विषय घेतला, की पहिल्याच आठवड्यात ९८ टक्के अचूकता दिसू शकते. लगेच पेढे वाटू नका. बऱ्याचदा मॉडेलने टीबी नव्हे, एक्स-रे कुठल्या मशीनवरचा आहे ते ओळखलेलं असतं.

समजा, टीबीचे सगळे एक्स-रे कळव्याच्या एका केंद्रातून आणले आणि निरोगी माणसांचे वाशीच्या दुसऱ्या. मग कोपऱ्यातलं ‘एल’ अक्षर (डावी बाजू दाखवणारा मार्कर) किंवा कडेची काळी पट्टी पाहूनच मॉडेल उत्तर देतं. फुफ्फुसाकडे बघायची त्याला गरजच उरत नाही. म्हणून प्रत्येक केंद्रातून दोन्ही प्रकार घ्या. सरावाला दोन खुले संच आहेत: शेनझेनचा (६६२ एक्स-रे, पैकी ३३६ टीबीचे) आणि अमेरिकेतल्या माँटगोमेरी काउंटीचा (१३८, पैकी ५८ टीबीचे). शेनझेनवर शिकवा, माँटगोमेरी शेवटच्या चाचणीपर्यंत कुलपात ठेवा.

स्थानिक एक्स-रे हवे असतील तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी. नाव डायकॉमच्या (एक्स-रेच्या डिजिटल फाइलच्या) टॅगमधून, म्हणजे फाइलसोबतच्या माहितीतून, काढलं तरी ते चित्रावरच छापलेलं असू शकतं, तेही पुसा. रुग्णाच्या क्रमांकाऐवजी कोड द्या, पण कोड काढून टाकू नका. विभागणी (ट्रेनिंगला ७० टक्के, मधल्या तपासणीला म्हणजे व्हॅलिडेशनला १५, शेवटच्या टेस्टला १५) रुग्णागणिक करायची असते, फाइलगणिक नाही. एकाच माणसाचे उपचाराआधीचे आणि नंतरचे एक्स-रे दोन बाजूंना गेले, की निकाल फुगलाच.

डायकॉममध्ये ‘मोनोक्रोम१’ लिहिलेलं असेल तर काळं-पांढरं उलटं करून घ्या, नाहीतर हाडं काळी दिसतील. चित्र ताणून चौकोनी करू नका. कडेला पट्टी जोडून ५१२ × ५१२ करा. ५ अंशांपर्यंत फिरवलं तर चालतं. आडवं उलटवू नका, हृदय उजवीकडे जातं. ट्रेनिंगआधी पन्नासेक चित्रं स्वतः उघडून पाहा. कंटाळवाणं आहे, पण निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मॉडेल म्हणून डेन्सनेट-१२१ (चित्रं ओळखायला आधीच शिकवलेलं तयार जाळं) पुरे. आधी फक्त शेवटचा थर ०.००१ या लर्निंग रेटने (शिकताना पाऊल किती मोठं टाकायचं तो आकडा) ३ ते ५ फेऱ्या शिकवा, मग सगळे थर मोकळे करून ०.००००१ ने. बॅच (एका वेळी द्यायची चित्रं) १६, मेमरी संपली तर ८.

थ्रेशोल्ड (मॉडेलचा आकडा कितीच्या वर गेला की ‘टीबी’ म्हणायचं ती सीमा) व्हॅलिडेशनच्या चित्रांवर ठरवा, टेस्टवर कधीच नाही. ०.५ ला काही पावित्र्य नाही. प्राथमिक छाननीच्या चाचणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ सालची किमान अपेक्षा ९० टक्के संवेदनशीलता (रुग्णांपैकी किती पकडले) आणि ७० टक्के विशिष्टता (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) अशी होती. आता मुंब्र्यातलं हजार जणांचं शिबिर धरा, त्यात १० रुग्ण. मॉडेल ९ पकडेल, एक निसटेल, आणि ९९० निरोग्यांतले २९७ जणही ‘संशयित’ ठरतील. म्हणजे ३०६ जणांची थुंकी तपासायची. लॅबची क्षमता आधी विचारा, मगच थ्रेशोल्ड हलवा.

ग्रॅड-कॅमचा (मॉडेलने चित्रात कुठे पाहिलं ते रंगाने दाखवणाऱ्या तंत्राचा) लाल डाग कोपऱ्यावर किंवा मार्करवर पडत असेल, तर फक्त फुफ्फुसाचा भाग ठेवून, बाकीचं कापून पुन्हा शिकवा. बऱ्या झालेल्या टीबीच्या व्रणांनाही मॉडेल बऱ्याचदा ‘टीबी’ सांगतं; असे एक्स-रे टेस्टमध्ये वेगळे मोजा. १५ वर्षांखालच्या मुलांवर वापरू नका, एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचण्याबाबतची संघटनेची २०२१ ची शिफारस त्यांच्यासाठी नाही.