गाळ आणायला निघण्याआधी

सांडपाण्याच्या गाळातले जिवाणू ट्रायक्लोसान (साबणांत वापरलं जाणारं जंतुनाशक) खातात का, हे बघायचंय. हातमोजे, बर्फ, लेबलं, पुसलं न जाणारं मार्कर. यावर जास्त बोलायला नको. गाळ सांडपाणी प्रकल्पाच्या एअरेशन टँकमधून (हवा सोडतात ती टाकी), ढवळण चालू असताना घ्या आणि बाटली अर्धीच भरा. काठोकाठ भरली की वाटेतच ऑक्सिजन संपतो.

आता मेलेल्या गाळाच्या बाटल्या, म्हणजे ज्यातले जिवाणू आधीच मारलेत, तुलनेसाठी. जिवंत गाळाच्या जितक्या, तितक्याच मेलेल्या. ट्रायक्लोसानसारखं संयुग पाण्यात फार वेळ राहत नाही, गाळाच्या कणांना जाऊन चिकटतं. पाण्यातलं प्रमाण धडाधड उतरतं आणि आपण खूश, की जिवाणूंनी फस्त केलं. खाल्लेलं कुणीच नसतं! मागच्या खेपेला नेमक्या याच बाटल्या राहिल्या. आलेख देखणा, अर्थ शून्य. म्हणून मेलेला गाळ आधी तयार करा. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत तापवणं), आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण बीजाणू चिवट असतात. नुसत्या सोडियम अझाइडवर (जिवाणू रोखणारं रसायन) विसंबू नका: ते सगळ्यांना मारत नाही, आणि आम्लात पडलं तर विषारी वायू सुटतो. ऑटोक्लेव्हमुळे गाळाचे पुंजके फुटतात, चिकटण्याचं प्रमाण थोडं बदलतं, हे खरं. तरीही मेलेल्या बाटल्या हव्यातच. मोजताना पाणी आणि गाळ दोन्ही मोजा.

ट्रायक्लोसान मिथेनॉलमध्ये विरघळवलंत तर ते आधी रिकाम्या बाटलीत घालून मिथेनॉल उडून जाऊ द्या, मग गाळ ओता. नाहीतर जिवाणू मिथेनॉलवरच ताव मारतात आणि वाढ भलत्यांचीच दिसते. पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने छाटा, पुंजके अडकतात. दर वेळी आधी हलवा, मग ओढा.

ट्रे मांडून झाला? मेलेल्या बाटल्या मोजा. मोजल्या असतील तरी परत मोजा.

डीएनएचे नमुने लगेच उणे ८० अंशांवर. डीएनए काढायच्या किटचा कोरा नमुनाही (गाळ न घालता) सोबत चालवा, किटमध्येही जिवाणूंचा डीएनए असतो. अर्क तपकिरी दिसला तर ह्युमिक आम्ल (कुजलेल्या पदार्थांतलं द्रव्य) आलंय, ते पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडवतं; दहापट पातळ करून पीसीआर लावा. १६एस (जिवाणू ओळखायचं जनुक) वाचनातून कोणाची किती टक्केवारी ते कळतं, एकूण संख्येसाठी क्यूपीसीआर (प्रती मोजणारं पीसीआर). कोण हजर आहे एवढंच त्यातून दिसतं. कोण खातंय ते पाहायचं तर कार्बन-१३ (जड कार्बन) लावलेलं संयुग, तो खाणाऱ्याच्या डीएनएत उतरतो, पण ते महाग. जिवाणूंना नावं लावायला सांडपाण्यातल्या जिवाणूंचा मिडास हा जनुक-संग्रह. तापमान, पीएच, गाळाचं वय (गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो) त्याच दिवशी टाकीवरच विचारून वहीत.